कपड्याच्या प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण लिहा: किकबॉक्सिंगच्या नियम समित्यांना खुले पत्र

प्रति,
किकबॉक्सिंग स्पर्धांच्या नियम समित्यांचे सदस्य, स्पर्धांचे आयोजक आणि पंचमंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी 12 वर्षे स्पर्धक म्हणून लढलो आणि त्यानंतरची सगळी वर्षे खेळाडूंच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली, टॉवेल आणि बर्फाची पिशवी घेऊन उभा आहे. नियमपुस्तिकेतील गुणदानाच्या कलमांवर आपण वेळोवेळी चर्चा करता, त्यांत दुरुस्त्या करता, परिपत्रके काढता; पण त्याच पुस्तिकेतील कपड्यांचे पान वर्षानुवर्षे जवळजवळ जसेच्या तसे पुढे सरकत आले आहे, आणि त्या पानावरून होणारे वाद चेंजिंग रूमच्या दारात, कोणत्याही नोंदीत न येता, घाईघाईने मिटवले जातात. हे पत्र त्या एका पानाबद्दल आहे.

पत्र लिहायला निमित्त झाले ते एका कनिष्ठ गटाच्या स्पर्धेचे. माझी एक शिष्या लो किक प्रकारात, म्हणजे मांडीवरही लाथ मारता येते त्या प्रकारात, उतरली होती आणि शॉर्ट्सच्या आत तिने घोट्यापर्यंतची काळी, अंगाला घट्ट बसणारी लेगिंग घातली होती. पहिल्या दिवशीची लढत ती याच पोशाखात खेळली आणि कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या नावाचा पुकारा व्हायला काही मिनिटे उरली असताना साहित्य तपासणाऱ्या पंचांनी लेगिंग उतरवायला सांगितली. तोवर तिच्या हातांत ग्लोव्हज चढले होते आणि मनगटावर टेप गुंडाळून झाली होती. या अवस्थेत लेगिंग काढणे म्हणजे काय, हे ज्याने कधी केले नसेल त्याच्यासाठी सांगतो: आधी पावलांवरचे फूट गार्ड काढायचे, मग नडग्यांवरचे शिन गार्ड, मग शॉर्ट्स, मग आतला जांघेवरचा ग्रोइन गार्ड, तेव्हा कुठे लेगिंगला हात लागतो आणि ती निघाली की हेच सगळे उलट्या क्रमाने पुन्हा चढवायचे. ग्लोव्हजमधल्या हातांना यातले एकही काम जमत नाही. मी पुरुष असल्याने आत जाऊ शकत नव्हतो, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाच्या एका प्रशिक्षिकेने आपणहून जाऊन तिला मदत केली. मुलगी रिंगमध्ये आली तेव्हा तिचे अंग गार पडले होते आणि डोळे जमिनीवर होते. ती गुणांवर हरली. लेगिंगपायी हरली असे मी म्हणणार नाही, समोरची मुलगी खरोखरच चांगली खेळली. पण लेगिंग का चालत नाही असे मी विचारले तेव्हा ‘नियम आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही, आणि रात्री त्या स्पर्धेची नियमपत्रिका पुन्हा वाचली तेव्हा त्यात ‘शॉर्ट्स’ एवढाच शब्द होता. आत काय घालावे किंवा घालू नये, याबद्दल अक्षरही नव्हते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की रिंगमधील कपड्यावर नियम असावा तो दोनच कारणांसाठी: कोणाला इजा होऊ नये आणि पडलेला प्रहार पंचांना नीट दिसावा. या दोहोंपैकी एकही कारण ज्या नियमाला दाखवता येत नाही तो नियम काढून टाकावा आणि ती निवड खेळाडूवर सोडावी.

आजचे पोशाख ठरले कसे, हे आपल्यातील जुन्या मंडळींना माहीत आहे, पण नव्या पंचांना बहुधा कोणी सांगत नाही. किकबॉक्सिंग दोन वेगवेगळ्या घरांतून आले. जपानमध्ये बॉक्सिंगच्या लढती भरवणारे ओसामू नोगुची यांनी 1966 च्या एप्रिलमध्ये ओसाका येथे या नावाने पहिली स्पर्धा भरवली. त्यांच्यासमोर थायलंडच्या मुए थाई या लढतीच्या खेळाचा नमुना होता, म्हणून त्या परंपरेत उघडे अंग आणि आखूड शॉर्ट्स आले, आणि 1993 मध्ये टोकियोत सुरू झालेल्या के-वन या स्पर्धामालिकेने तोच वेश जगभर नेला. अमेरिकेतले घर कराटेचे. 1974 च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसला फुल कॉन्टॅक्टचे, म्हणजे पूर्ण ताकदीने प्रहार करण्याच्या प्रकाराचे, पहिले जागतिक विजेते ठरले. जो लुईस, जेफ स्मिथ, बिल वॉलेस ही त्यांतली नावे, आणि हे तिघेही कराटे-तायक्वांदोच्या शाळांतून आलेले. त्यामुळे कराटेची लांब पँट रिंगमध्ये आली आणि पायांत तायक्वांदोचे प्रशिक्षक जून री यांनी बनवलेले फोमचे संरक्षक आले. 1976 मध्ये ‘वाको’ ही किकबॉक्सिंगची जागतिक संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यात दोन्ही घरांचे कपडे एकाच कपाटात ठेवले गेले. म्हणून आजही पॉइंट फाइटिंग आणि लाइट कॉन्टॅक्ट या हलक्या प्रहारांच्या प्रकारांना टी-शर्ट आणि लांब पँट, किक लाइटला टी-शर्ट आणि शॉर्ट्स, फुल कॉन्टॅक्टला लांब पँट, तर लो किक आणि के-वनला शॉर्ट्स अशी वाटणी दिसते.

या वाटणीत वारसा किती आणि कारण किती, हे वेगळे करून पाहायला हवे. फुल कॉन्टॅक्टमध्ये लाथ कमरेच्या वरच मारायची असते, त्यामुळे मांडी झाकलेली असली तरी कोणाचे काही बिघडत नाही. लो किकमध्ये मात्र मांडी हेच लक्ष्य असते. नडगी मांडीच्या मांसल भागावर बसली की गुडघ्याच्या सांध्यावर, हे पंचाला क्षणात ओळखावे लागते, आणि ढगळ पँटचे कापड मध्ये आले तर ते ओळखता येत नाही. शिवाय मांडीवर उठलेला लाल पट्टा आणि तिसऱ्या फेरीत लंगडू लागलेला पाय डॉक्टरांनाही दिसला पाहिजे. 1988 मध्ये अमेरिकेच्या रिक रूफसने पहिल्याच फेरीत थायलंडच्या चांगपुएक कियात्सोंगरितला खाली पाडले आणि तरीही पुढच्या फेऱ्यांमध्ये मांडीवरच्या लाथांनी रूफसच उभा राहण्याच्या स्थितीत उरला नाही. मांडीवरचे प्रहार लढतीचा निकाल कसा फिरवतात, हे अमेरिकी प्रेक्षकांनी त्या लढतीत पाहिले. तेव्हा लो किकला ढगळ लांब पँट नको, हा नियम मला पूर्ण मान्य आहे, कारण त्याचे कारण मी एका वाक्यात सांगू शकतो. अंगाला चिकटलेल्या लेगिंगबाबत मात्र हे कारण अर्धेच लागू पडते: प्रहार कुठे बसला ते स्पष्ट दिसते, फक्त कातडीवरचा वळ दिसत नाही. वळ दिसणे आवश्यक आहे असे आपले मत असेल तर तसे लिहा. मग मी निदान त्या मताशी वाद घालू शकेन.

ज्या नियमांना कारण आहे ते आणखी कडक झाले तरी माझी हरकत नाही. खिसा, चेन, बटण, धातूची कडी यांना रिंगमध्ये जागा नाही, कारण खिशात पायाचा अंगठा अडकून उलटा वळलेला मी पाहिला आहे. जिच्याखाली ठोसा मारणे दोष ठरते त्या पट्ट्याच्या रेषेचेही तसेच. शॉर्ट्स कमरेवर जिथे बसायला हव्यात त्याच्या चार बोटे वर ओढून बांधल्या की यकृतावर बसणारा स्वच्छ ठोसा पंचाला पट्ट्याखालचा वाटू लागतो. ही क्लृप्ती प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असते आणि बहुतेकांनी कधी ना कधी तिच्याकडे काणाडोळा केलेला असतो. रेफ्रींनी लढतीआधी दोघांच्या कमरेवर हात ठेवून ‘रेषा इथे’ असे म्हणायला पाच सेकंद लागतात, पण ते क्वचितच होते.

पँटच्या आवाजाबद्दल तर मला कबुलीच द्यायची आहे. पॉइंट फाइटिंग खेळत असताना मी मुद्दाम कडक सुती कापडाची, पोटऱ्यांशी रुंद असलेली पँट शिवून घेतली होती. लाथ झटकली की तिचा फटाका वाजल्यासारखा आवाज होत असे, आणि पाय समोरच्याच्या बरगडीपासून वीतभर अलीकडे राहिला तरी त्या आवाजासरशी एखाद्या जजचा हात वर जाई. अशा फुकटच्या गुणांवर मी किमान दोन लढती जिंकलो असेन. त्याच पँटने नंतर माझा हिशेबही चुकता केला. पायघोळ काठ टाचेखाली आला, मी पाय फिरवताना घसरलो आणि गुडघ्याच्या दुखण्याने एक अख्खा हंगाम घरी बसलो. आपल्या पुस्तिकेत पँटची लांबी सापडते, पण पायघोळाची रुंदी किती असावी, कापड किती कडक चालेल, हे सापडत नाही. म्हणजे नियमाची खरी गरज जिथे आहे तिथे पुस्तिका गप्प आहे, आणि गरज नाही तिथे ती भरभरून बोलते.

रंगाचेही तसेच आहे. एक जण लाल कोपऱ्यातला आणि दुसरा निळ्या कोपऱ्यातला असे आपण पुकारतो, पण रिंगमध्ये येतात ते दोघेही काळ्या शॉर्ट्समध्ये आणि काळ्या शिन गार्डमध्ये. गुंतलेल्या हातापायांतून कोणाचा ठोसा आधी बसला, हे जजने डोळ्याचे पाते लवण्याआधी ठरवायचे असते. शॉर्ट्सचा किंवा निदान कमरपट्ट्याचा रंग कोपऱ्याप्रमाणे सक्तीचा केला तर खेळाडूचे स्वातंत्र्य थोडे कमी होईल, पण प्रहार दिसण्यासाठी ते होत असेल तर मी ते आनंदाने सोडायला सांगेन.

आता उरलेल्या नियमांकडे वळतो. ते बहुतेक महिलांच्या वाट्याला आलेले आहेत, आणि त्यांत आपला खेळ एकटा नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे बॉक्सिंग पहिल्यांदा आले त्याआधी बराच काळ या खेळाडूंनी स्कर्ट घालावा की काय, यावर वाद चालला होता आणि अखेर स्कर्ट ऐच्छिक ठेवावा लागला. 2021 मध्ये बीच हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या महिलांनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून संघाला 1500 युरो दंड झाला, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाला नियम बदलून शॉर्ट्सना मान्यता द्यावी लागली. दोन्ही ठिकाणी नियमामागे सुरक्षेचे किंवा गुणदानाचे कारण नव्हते. खेळाडू कशी दिसावी, याबद्दलचे कोणाचे तरी मत होते आणि ते नियमाच्या भाषेत लिहिलेले होते.

आपल्याकडे रिंगमधील प्रकारांत स्त्रियांच्या अंगात टॉप असतो आणि पुरुषांनी उघड्या अंगाने लढावे अशी पद्धत आहे. एखाद्या मुलीला पोट झाकणारा लांब, घट्ट टॉप हवा असेल तर तिला काही ठिकाणी तो मिळतो, काही ठिकाणी ‘फक्त स्पोर्ट्स ब्रा’ असे सांगितले जाते. एखाद्या मुलाला रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा सदरा, हवा असेल, मग ते कारण भाजल्याचे व्रण असो, त्वचेचा आजार असो किंवा सोळाव्या वर्षीचा निव्वळ संकोच असो, तर त्याला थेट नकार मिळतो. कारण विचारले की सांगतात, कापड पकडता येते आणि बरगड्यांवरचा मार दिसत नाही. पण स्त्रियांच्या लढतीत अंगावर कापड असताना आपण आजवर गुण देत आलोच आहोत, डॉक्टर तपासत आलेच आहेत, आणि कापड पकडणे हा तसाही दोष मानला जातोच. जे एका रिंगमध्ये चालते ते शेजारच्या रिंगमध्ये का चालू नये?

डोके झाकण्याच्या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे दोन्ही बाजूंना काही खरे आहे. 2016 मध्ये अमेरिकेत एका 16 वर्षांच्या मुष्टियोद्धा मुलीला हिजाबमुळे लढतीआधीच बाद ठरवले गेले. पुढच्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय संघटनेने तिला सवलत दिली, आणि 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनेही हिजाब आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख मान्य केला. फुटबॉलने डोक्यावरचे आच्छादन 2014 मध्ये आणि बास्केटबॉलने 2017 मध्ये स्वीकारले होते. हौशी किकबॉक्सिंगमध्ये तर डोके हेडगार्डखाली झाकलेलेच असते, मग त्याच्या आत आणखी एक पातळ थर आल्याने पंचांना नेमके काय दिसेनासे होते, हे मला कळत नाही. मात्र अनुभवाने एक गोष्ट सांगतो: गुळगुळीत, रेशमी पोताच्या कापडावर हेडगार्ड टिकत नाही. आडवा ठोसा बसला की ते फिरते आणि त्याची कड डोळ्यावर येते. असे एकदा झाले तेव्हा रेफ्रींनी लढत चटकन थांबवली म्हणून बरे. हा धोका खरा आहे आणि त्यावरचा उपायही साधा आहे: पिन नसलेले, ताणले जाणारे, खरबरीत पोताचे कापड आणि तपासणीच्या वेळी हेडगार्ड दोन्ही हातांनी फिरवून पाहणे. पगडीसारखा पटका किंवा लांब केसांवरची टोपी यांनाही हीच कसोटी लावता येईल, आणि मग कोणाच्या धर्माबद्दल पंचांना एक शब्दही बोलावा लागणार नाही.

पांढऱ्या पँटचा विषय पुरुषांनी भरलेल्या बैठकीत कधी निघत नाही, म्हणून तो मी इथे लिहितो. संपूर्ण संघाला पांढरी पँट सक्तीची असते तिथे पाळीच्या दिवसांत खेळणारी मुलगी लाथ मारण्याआधी दोनदा विचार करते. हे मला मुलींनी सांगितले ते बऱ्याच वर्षांनी, तेही एकीच्या आईमार्फत, आणि तोवर मी त्यांना ‘पाय उघडा, लाथ मोकळी मारा’ असे कोपऱ्यातून ओरडून सांगत होतो. पांढऱ्याबाबत सर्वांत हट्टी असलेल्या विम्बल्डननेही 2023 पासून महिलांना आतून गडद रंगाच्या शॉर्ट्सची परवानगी दिली आहे. आपल्याला तर परंपरा मोडण्याचेही ओझे नाही.

साहित्यावर आणि कपड्यांवर मागितल्या जाणाऱ्या मान्यताप्राप्त शिक्क्याबद्दल थोडेच लिहितो. ग्लोव्हज, हेडगार्ड, शिन गार्ड यांवर शिक्का हवा, कारण आतल्या फोमची प्रत डोळ्यांना दिसत नाही. टी-शर्टवर शिक्का कशासाठी हवा, ते मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कपड्यांच्या प्रत्येक कलमापुढे कंसात त्याचे कारण छापावे, जसे ‘धातू नको, कारण जखम होते’ किंवा ‘ढगळ पँट नको, कारण मांडीवरचा प्रहार दिसत नाही’. कारण छापलेले असले की पंचालाही निर्णय देणे सोपे जाते, कारण पुस्तिकेत नसलेला एखादा कपडा समोर आला तर त्याला त्या कारणाचा आधार घेता येतो आणि स्वतःच्या आवडीनिवडीवर जावे लागत नाही. कपड्यांची तपासणी वजनाच्या वेळीच व्हावी, खेळाडूने लढतीचा पूर्ण पोशाख तिथे दाखवावा, आणि एकदा मंजूर झालेला पोशाख त्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोणत्याही पंचाने नाकारू नये. मुलींचे वजन आणि पोशाख महिला अधिकाऱ्यांनी, बंद दाराआड तपासावा. कपड्यात खोट निघाली तर थेट बाद करण्याऐवजी बदलायला ठरावीक मिनिटे द्यावीत आणि पंचांच्या टेबलाजवळ सर्व मापांच्या चार-दोन शॉर्ट्स ठेवाव्यात, कारण सराव करून आलेल्या खेळाडूला शिवण उसवली म्हणून घरी पाठवण्यात कोणाचेच भले नाही. आणि हे पान पुन्हा लिहायला बसाल तेव्हा त्या बैठकीत सध्या लढत असलेल्या किमान दोन महिला खेळाडू असाव्यात.

2021 च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वाकोला पूर्ण मान्यता दिली. आपण सर्वांनी त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छा पाठवल्या होत्या. ऑलिंपिकच्या ज्या दारात आपण उभे आहोत तिथे हे प्रश्न कधी ना कधी विचारले जाणारच आहेत, आणि तेव्हा ‘नियम आहे’ हे उत्तर तिथेही पुरणार नाही.

माझ्या त्या शिष्येने पुढच्या स्पर्धेसाठी नाव दिले आहे. ती सध्या लेगिंग घालून आणि लेगिंगशिवाय अशा दोन्ही तऱ्हांनी सराव करते आहे आणि पिशवीत दोन्ही कपडे घेऊन येणार आहे. लेगिंग चालेल की नाही आणि चालणार नसेल तर का, एवढे लेखी उत्तर तिच्या वजनाच्या दिवसाआधी मिळावे, ही विनंती.

आपला,
कोपऱ्यातला एक जुना प्रशिक्षक